लिंबूटिंबू नको, खरा डाव द्या

मागच्या अंकात मी विचारलं होतं की तुमच्या गावाच्या, कॉलनीच्या, कॉलेजच्या ग्रुपवर लोकं खरंच काही ठरवतात का, आणि जास्त लोकं बोलावीत म्हणून कोणी खेळासारखं काही करून बघितलंय का. खान्देशातून एवढी पत्रं आली की सगळी घेता येणार नाहीत, सात घेतेय. नावं मुद्दाम काढलीत, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते लोक रोज पारावर भेटतात.

प्रश्न : ताई नमस्कार. मी यावल तालुक्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे, वय २७. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहाशेच्या वर लोकं आहेत पण सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी केळीचे भाव आणि रात्री भांडणं एवढंच चालतं. गावाच्या कामाचं विचारलं की तेच चार-पाच जण बोलतात. मित्र म्हणतो पॉइंट सिस्टीम लाव, जो जास्त मतं मांडेल त्याला बॅज दे, दर रविवारी टॉप टेनची लिस्ट टाक. करू का?

उत्तर : भाऊ, लिस्ट नको लावू. ज्या चार-पाच जणांमुळे बाकीचे गप्प बसतात त्यांनाच तू बक्षीस देशील, कारण मेसेजला पॉइंट म्हटल्यावर जास्त मेसेज टाकणाराच वर जाणार, आणि जो महिन्यातून एकदा नीट विचार करून दोन ओळी लिहितो तो रविवारी आपलं नाव खाली बघून तेवढं पण बंद करेल. १९७३ ला अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नर्सरीतल्या मुलांसोबत एक प्रयोग केला होता, ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं त्यातल्या काहींना आधीच सांगून ठेवलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, आणि काही दिवसांनी बघितलं तर तीच मुलं मोकळ्या वेळात चित्रं काढायला कमी जायला लागली होती. ज्यांना असं काही कबूल केलं नव्हतं त्यांचं तसं झालं नाही. मी इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, वर्गात हे मी पण पाहिलंय, स्टार दिला तर पोरं स्टारसाठी हात वर करतात, उत्तर येतं म्हणून नाही.

मग खेळाचा उपयोग काय, तर लहानपणी अंगणात खेळायचो ते आठव. ज्याच्यावर डाव यायचा त्याच्यावर 'राज्य' आलं म्हणायचो, केवढा मोठा शब्द आहे बघ, आणि ते राज्य पोलीस पाटलाच्या पोरावर पण यायचं आणि सालदाराच्या पोरावर पण यायचं. नियम सगळ्यांना एकच, आउट झाला तर सगळ्यांसमोर झाला, आणि ज्याला बोलता येत नव्हतं त्याचा पण नंबर यायचाच. मला खेळातलं हेच हवंय. पण त्याच खेळात एक लिंबूटिंबू पण असायचा ना, कोणाचा तरी छोटा भाऊ, तो सगळ्यांसोबत पळायचा, ओरडायचा, त्याला वाटायचं आपण खेळतोय, पण त्याला पकडलं तरी तो आउट नाही आणि त्याच्यावर राज्य कधी येणारच नाही. ऑनलाइन लोकसहभाग म्हणून जे काही आपल्या फोनवर येतं त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आपल्याला असंच लिंबूटिंबू केलेलं असतं. क्विझ खेळा, सर्टिफिकेट डाउनलोड करा, पाच स्टार द्या, आणि पुढे तुमच्या उत्तराने काय बदललं ते कोणी सांगत नाही. म्हणून काहीही सुरू करायच्या आधी तू स्वतःला एकच विचार, या खेळाच्या शेवटी कोणता निर्णय खरंच बदलू शकतो? सांगता आला नाही तर खेळ लावू नको, गुड मॉर्निंग परवडलं.

तुझ्याकडे तर निर्णय आहे, तू सदस्य आहेस, ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी करावाच लागतो. आम्ही चोपड्याच्या बाजूला एका गावात मण्यांचा खेळ केला होता तो सांगते. प्रत्येक मतदाराला शंभर मणी, कागदावरचेच, आणि समोर सहा कामं: पाण्याची पाइपलाइन, गटार, शाळेतलं संडास, रस्त्यावरचे लाइट, व्यायामशाळा, स्मशानभूमीचं शेड, प्रत्येकाचा अंदाजे खर्च ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून आधी विचारून घेतलेला. नियम असा की शंभरातले साठ मणी फक्त पाणी आणि स्वच्छतेवर टाकायचे, चाळीस कुठेही टाका. हा नियम आम्ही मनाने नाही काढला, २०२१ ते २०२६ साठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना जो पैसा दिला त्यात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि ४० टक्के अबंधित अशीच विभागणी होती. फॉर्मवर मणी भरताना लोकांना पहिल्यांदा कळलं की सरपंच वाटेल तिथे पैसा टाकू शकत नाही, आणि त्यांना हे पण कळलं की 'सरकारच नाही म्हणतं' हे कारण प्रत्येक कामाला खरं नसतं. मग गंमत अशी झाली की वरच्या आळीतले आणि खालच्या आळीतले, ज्यांचं पोळ्याच्या मिरवणुकीवरून बोलणं बंद होतं, त्यांनी गटारीवर मणी एकत्र टाकायचं ठरवलं कारण वरचं पाणी खालीच येतं. असा सौदा ग्रुपवरच्या भांडणात कधी झाला नसता. एक चूक आमच्याकडून झाली, निकाल लावायला पंधरा-वीस दिवस गेले, आणि दुसऱ्या फेरीत कितीतरी लोक आलेच नाहीत. त्यांचं बरोबर होतं. तेव्हा निकालाची तारीख खेळ सुरू करायच्या आधीच टाक आणि ती पाळ.

आणखी एक, ग्रुपवरचा निकाल हा ग्रामसभेचा ठराव होत नाही. ग्रामसभेला गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे हजर लागतात. पण मणी टाकलेला माणूस आपल्या मण्याचं काय झालं ते बघायला सभेला येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये १९८९ पासून लोक शहराच्या बजेटचा भाग स्वतः ठरवायला लागले, पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे तू जगावेगळं काही करत नाहीयेस. आणि जे काम नाही झालं त्याचं कारण ग्रुपवर लिही, मंजूर झालेल्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

प्रश्न : ताई, मी पारोळा तालुक्यातली, लग्नाला सहा वर्षं झालीत. गावाच्या ग्रुपवर पोल येतात, मला मत द्यायचं असतं पण ग्रुपमध्ये सासरे आहेत, दीर आहेत. मागे एकदा दारूच्या दुकानाच्या पोलवर मी मत दिलं तर रात्री घरात विषय झाला. आता मी बघते आणि सोडून देते.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं बाई. व्हॉट्सअॅपच्या साध्या पोलवर बोट लावलं की कोणी कशाला मत दिलं ते नावासकट दिसतं, आणि ज्या अॅडमिननी गावाच्या नाजूक विषयावर तसा पोल टाकला त्यांनी उघड्यावर हात वर करायला लावल्यासारखंच केलं. आपल्याकडे निवडणुकीत पडद्याआड बटन दाबतात ते उगीच नाही. तुझ्या ग्रुपच्या अॅडमिनला हा अंक दाखवता येत असेल तर दाखव, किंवा आशाताईंमार्फत निरोप दे: फॉर्म करा, त्यात नाव आणि ईमेल मागू नका, आणि कोणी दोनदा भरू नये म्हणून एका पिशवीत नंबराच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येक मतदाराला एक उचलायला सांगा. नंबर एकदाच चालतो, आणि कोणाकडे कोणता नंबर गेला ते पिशवीला पण माहीत नाही.

पण चिठ्ठी मिळाली तरी फोन कोणाचा, हा प्रश्न राहतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी साधारण ५४ टक्के जणींकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. म्हणजे ऑनलाइन म्हटलं की निम्म्याच्या जवळपास बायका दारातच थांबल्या. म्हणून मी नेहमी सांगते की खेळाची एक फेरी बायकांच्या जागी व्हायला पाहिजे. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी होतात, गाणी संपली की डबा हलवून खाऊ ओळखायचा, गोड का तिखट, कुरकुरीत का मऊ, आणि त्यात सगळ्यात लहान पोरगी पण ओरडून सांगते आणि कधी कधी तिचंच बरोबर निघतं. त्या वयात तिला कोणी गप्प नाही बसवत. एका गावात आम्ही भुलाबाईच्या रात्रीच अंगणात कामांची चित्रं मांडली आणि बायकांनी ज्वारीचे दाणे टाकले, नंतर ते मोजून फॉर्ममध्ये भरले. एक आजी म्हणल्या, "आमले कोन इचारस?" आणि मग सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच लावला. आणि हे लक्षात ठेव की कायद्याने प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावरच होत असेल तर चार जणी मिळून तारीख विचारा.

प्रश्न : मी अमळनेरचा, निवृत्त मुख्याध्यापक. लोकशाही ही साधना आहे असं आम्ही शिकवलं. तिचा मोबाइलवर गेम करणं म्हणजे खेळखंडोबा नाही का?

उत्तर : सर, तुमची काळजी मला पटते, आणि काही विषय असे आहेत ज्यांना खेळाचा स्पर्श पण होऊ नये असं माझंही मत आहे. कोणाच्या जमिनीचा वाद, कोणाच्या घरातला मृत्यू, दोन समाजांतली तेढ, यावर मणी टाकायचे नाहीत, पोल घ्यायचा नाही, तिथे माणसांनी समोरासमोर बसायचं. एखाद्या वस्तीला पाणी द्यायचं की नाही हा पण मताचा विषय नाही, तो हक्क आहे. जास्त लोकांनी नाही म्हटलं म्हणून तो जात नाही.

पण खेळ म्हणजे थिल्लरपणा असं आपल्या परंपरेत नव्हतं ना सर. सापशिडीचा जुना मोक्षपट, जो लोक ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगतात, तो पुण्य-पाप शिकवायलाच होता, शिडी कुठल्या गुणाने चढते आणि साप कुठल्या दोषाने गिळतो ते पटावर लिहिलेलं असायचं. आणि अलीकडचं बघा, २०१६ ला पानी फाउंडेशनने गावांमध्ये पाणी अडवायच्या कामांची वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू केली, पहिला नंबर कोरेगाव तालुक्यातल्या वेळूला मिळाला, पुढे खान्देशातले तालुके पण उतरले. चाळीस-पंचेचाळीस दिवस लोकांनी पहाटे उठून श्रमदान केलं ते काय नुसत्या बक्षिसासाठी? गावाचा नंबर होता, माणसाचा नव्हता, म्हणून गाव एकत्र आलं. मी वर टॉप टेनची लिस्ट नको म्हटलं ते याच कारणाने.

तुम्ही साने गुरुजींच्या कर्मभूमीतून लिहिताय म्हणून एक आठवण काढते. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, आणि ते यशस्वी व्हावं म्हणून गुरुजी खेडोपाडी हिंडले होते. तेव्हाचा विचारच असा होता की शेतकऱ्याने शहरातल्या मंडपात यायची वाट बघायची नाही, सभेने त्याच्या गावात जायचं. आज आपली पोरं, बाया, पुण्या-सुरतेला कामाला गेलेली माणसं फोनवर आहेत, त्यांचं मतदान गावात आहे पण पंधरा ऑगस्टच्या सभेला ती येऊ शकत नाहीत. सभेने त्यांच्या फोनवर जायला काय हरकत आहे, नियम खरे असले म्हणजे झालं. तुम्ही पंच व्हा ना सर, खरंच सांगते, प्रत्येक खेळाला सगळ्यांचा विश्वास असलेला एक पंच लागतो आणि गावात तो बहुतेक वेळा निवृत्त गुरुजीच असतो.

प्रश्न : आम्ही देवपूर, धुळे इथले नववीतले मित्र. कॉलनीची मोकळी जागा आहे, मोठे लोक म्हणतात पार्किंग करू. आम्हाला कोणी विचारत नाही. आम्ही माइनक्राफ्ट खेळतो, त्यात काही करता येईल का?

उत्तर : येईल आणि करा. संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट संस्था आणि माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग कंपनी यांनी २०१२ पासून 'ब्लॉक बाय ब्लॉक' नावाचा उपक्रम चालवलाय, त्यात वस्तीतली माणसं, मुलं, म्हाताऱ्या बायका एका कॉम्प्युटरभोवती बसून आपल्या मैदानाचा, चौकाचा नकाशा खेळात उभा करतात आणि मग तो इंजिनीअरसमोर ठेवतात. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसाला पण ठोकळ्यांची भिंत कळते. तुम्ही आधी टेप घेऊन जागा मोजा, एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरा, झाडं आहेत तिथेच ठेवा. मग पार्किंग म्हणणाऱ्या काकांना पण बोलवा आणि त्यांच्या गाड्या त्यांनाच लावून बघू द्या, किती बसतात ते. एक सूचना, स्विमिंग पूल टाकू नका, पांझरेला पाणी किती असतं ते तुम्हाला माहितीये.

प्रश्न : भुसावळहून लिहितोय. इलेक्शन आलं की आमच्या ग्रुपवर खोट्या पोस्टचा पूर येतो. फेक न्यूज ओळखायला शिकवणारे गेम असतात म्हणे, ते खरंच चालतात का?

उत्तर : अर्धं उत्तर हो आहे. २०१८ ला केंब्रिजच्या संशोधकांनी नेदरलँड्सच्या एका गटासोबत 'बॅड न्यूज' नावाचा गेम काढला, त्यात तुम्हीच खोटी बातमी पसरवणारे होता, भीती कशी घालायची, खोटा तज्ज्ञ कसा उभा करायचा, लोकांना दोन गटांत कसं फोडायचं ते करून बघता, म्हणजे लस टोचतात तसं थोडंसं विष आधी देऊन सवय करायची. खेळलेल्या लोकांना फसव्या पोस्ट जास्त ओळखता आल्या असं त्यांना दिसलं. पण त्याच कल्पनेचा व्हॉट्सअॅपसारखा गेम उत्तर भारतात नेऊन तपासला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिकडचं यश बघून इकडे तेच आणून बसवलं की काम होतं असं नाही. मला विचाराल तर आपल्याकडे खोटी पोस्ट परका माणूस पाठवत नाही, मामा पाठवतो, आणि मामाला खोटं कसं म्हणणार? एकट्याने फोनवर खेळून हे सुटत नाही. चार-पाच घरच्यांनी मिळून खेळा, प्रत्येकाने तीन पोस्ट आणायच्या, दोन खऱ्या आणि एक खोटी, बाकीच्यांनी ओळखायची आणि कशावरून ओळखली ते सांगायचं. मामालाच पहिलं राज्य द्या. पुढच्या वेळी तो फॉरवर्ड करायच्या आधी थांबेल, कारण आता तो पण खेळाडू आहे, आरोपी नाही.

प्रश्न : शहाद्याहून. आमच्या सोसायटीत सूचना देणाऱ्याला कूपन आणि महिन्याला लकी ड्रॉ, प्रत्येकी वीस रुपये वर्गणी, असं ठरतंय. चालेल का?

उत्तर : नको. पैसे घेऊन बक्षिसाची आशा लावणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, सोसायटीचा हेतू कितीही चांगला असो, त्या वाटेला जाऊ नका. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कूपनसाठी आलेली सूचना वाचायला कोणाला वेळ आहे? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळतात त्यात पण पैसा आला की घरातली मजा जाते हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ते वीस रुपये जमा करा आणि ज्या सूचनेला सगळ्यात जास्त घरांनी होकार दिला ती महिन्याच्या आत करून दाखवा.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यात एका पाड्यावर शिक्षिका आहे. ताई, तुमचं सगळं ऑनलाइन आहे, आमच्याकडे नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं. आणि लोकं पावरी, भिलोरी बोलतात, मराठी फॉर्म कोण भरणार?

उत्तर : तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. लिहिणंच नको, बोलणं ठेवा. छत्तीसगडमध्ये २०१० ला 'सीजीनेट स्वरा' सुरू झालं, साध्या फोनवरून कॉल करायचा, आपल्या भाषेत, गोंडीत पण, आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं, आणि दुसऱ्या लोकांनी ते फोनवरच ऐकायचं. इंटरनेट लागत नव्हतं, वाचता यावं लागत नव्हतं. तेवढी यंत्रणा तुम्हाला एकटीला उभी नाही करता येणार पण त्यातला जीव घेता येईल: तुमच्या फोनवर प्रत्येक घराचं एक-एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पावरीत करा, बाजाराच्या दिवशी टेकडीवर गेलात की पाठवून द्या, आणि उलट ग्रामसेवकांचं उत्तर डाउनलोड करून पाड्यावर सगळ्यांना ऐकवा. एका घराने बोललं की त्यानेच पुढचं घर निवडायचं, आणि एका घरावर दुसऱ्यांदा राज्य येत नाही जोपर्यंत सगळ्यांचं होत नाही. तुमचा तालुका आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याखाली येतो, १९९६ च्या त्या कायद्याने तिथल्या ग्रामसभेला बाकी गावांपेक्षा जास्त अधिकार आहेत, तेव्हा ही रेकॉर्डिंग सभेत सगळ्यांसमोर वाजवा आणि कोणत्या घराच्या बोलण्यावर काय ठरलं ते इतिवृत्तात लिहून घ्या. पहिली दहा घरं झाली की मला कळवा, पावरी येणारी एक मैत्रीण शहाद्याला आहे, मराठी करून द्यायला ती तयार आहे.